यूएसआर-लोकलमधलं माझं जुनं पाप

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे साडेनऊ. मी सासूबाईंबरोबर डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, रांगेत उभी होते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे असा सगळा संसार दोन डब्यांत. आमचा नंबर सातवा. वर्षाची चटणी एकदा कुटून झाली की घर निवांत, म्हणून या दिवशी मी कामाचा फोन उचलत नाही. पण शिरोलीच्या फाउंड्रीतल्या अकौंटच्या काकांचा फोन तिसऱ्यांदा आला तेव्हा उचलला.

"ताई, वाईच बघा की हिकडं. सकाळधरनं दोनशे मेल आल्यात. मला तीन देशांतनं वारसा मिळालाय. आणि एक पार्सल कस्टममधी अडकलंय म्हणत्यात, मी तर काय मागवलेलं न्हाई."

पोटात गोळा आला. आदल्या रात्री, दुसरी पाळी सुटल्यावर, मीच त्यांच्या मेल सर्व्हरवर उबंटू (सर्व्हर चालवणारी लिनक्स) २०.०४ चं २२.०४ केलं होतं. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट त्याच महिनाअखेर संपत होता, त्यामुळे टाळण्यात अर्थ नव्हता. अपग्रेड तासाभरात झालं. मेल येतंय, मेल जातंय, एवढं बघितलं आणि झोपले. मेल येत होतंच म्हणा. सगळंच येत होतं!

चूक कुठं झाली ते सांगायला चार वर्षं मागं जावं लागेल. पण आधी डंकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून मी काय बघितलं ते सांगते. लॅपटॉप गाडीत होता, इंटरनेट मोबाइलचं. आत मिरची कुटली जात होती, त्यामुळे प्रत्येक कमांडमागं एक शिंक. स्पॅमडी, म्हणजे स्पॅम गाळणाऱ्या स्पॅमअसॅसिनचा जो भाग कायम चालू राहून मेल तपासतो, तो मेला होता. लॉगमध्ये पर्लची (स्पॅमअसॅसिन ज्या भाषेत लिहिलाय तिची) ती ओळखीची तक्रार: लागणारं मॉड्यूल, म्हणजे कोडचा तयार तुकडा, सापडत नाही, मी या या फोल्डरांत शोधलं. खाली फोल्डरांची यादी. त्या यादीत पर्ल ५.३४ ची फोल्डरं होती. माझा माल ५.३० च्या फोल्डरात होता.

आता कुणी विचारेल, फिल्टर मेला तर मेल अडकायला हवं होतं, सगळं आत कसं आलं? मेलची ने-आण करणाऱ्या पोस्टफिक्सकडून मेल घेऊन स्पॅमडीला देणारा स्पॅमसी नावाचा छोटा प्रोग्राम असतो. समोर कोणी नसेल तर तो दोन-तीनदा दार वाजवतो आणि मग मेल जसंच्या तसं पुढं सोडून देतो. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण फिल्टर बंद पडला म्हणून गिऱ्हाइकाची ऑर्डर अडकू नये. मला ते पटतंसुद्धा. फक्त त्याचा एक परिणाम असा, की फिल्टर मेल्याची बातमी सिस्टीम तुम्हाला देत नाही. ती बातमी अकौंटचे काका देतात.

तर, चार वर्षांपूर्वी.

मार्च २०२१. स्पॅमअसॅसिनची ३.४.५ आवृत्ती आली आणि तिच्यासोबत एक बातमी: जुन्या आवृत्त्यांत कोणी दुष्टपणे लिहिलेली नियमांची फाइल टाकली तर तिच्यातून सर्व्हरवर गुपचूप कमांड चालवता येते. मी वाचलं आणि लगेच फाउंड्रीच्या सर्व्हरवर बघितलं. उबंटूच्या पॅकेजमधली, म्हणजे त्यांनी तयार बांधून दिलेली, आवृत्ती ३.४.४. म्हणजे भोक असलेली. कोरोनाचे दिवस, अर्धं ऑफिस घरून मेल बघणारं, आणि मी जरा जास्तच जागरूक. मी पॅकेज काढून टाकलं, सीपॅन या पर्लच्या भांडारावरून ३.४.५ हातानं टाकलं, स्पॅमडी कसा सुरू करायचा ते सांगणारी स्वतःची सर्व्हिस फाइल लिहिली, स्पॅम ओळखायचे नियम रोज ताजे व्हावेत म्हणून रूटच्या (सर्वाधिकारी यूजरच्या) क्रॉनमध्ये, म्हणजे रोजच्या कामांच्या वेळापत्रकात, एक ओळ घातली. रात्री दीडला सगळं चालू झालं तेव्हा काय भारी वाटलं होतं म्हणून सांगू! मूळ लेखकांकडून थेट माल, मधला दलाल नाही.

त्यानंतर काही दिवसांतच उबंटूनं दुरुस्ती पाठवली. पण आकडा ३.४.४ च ठेवून. शेपटाला एक छोटा बिंदू-आकडा वाढला, एवढंच. डेबियन आणि उबंटूवाले असंच करतात: आवृत्ती बदलत नाहीत, नव्या आवृत्तीतला दुरुस्तीचा तेवढा तुकडा कापून जुन्या कोडला शिवतात. आकडा बघून जुनं म्हणायचं आणि नाक मुरडायचं, ही माझी त्या काळची सवय. पॅकेजचा बदलांचा लॉग वाचला असता तर कळलं असतं. एक आठवडा थांबले असते तर ही गोष्टच घडली नसती.

हातानं टाकलेला माल यूएसआर-लोकल नावाच्या फोल्डराखाली जातो. तिथं पर्लची फोल्डरं आवृत्तीच्या आकड्यानं असतात. २०.०४ मध्ये पर्ल ५.३०, २२.०४ मध्ये ५.३४. अपग्रेड करताना उबंटूनं पर्ल बदललं, आणि पॅकेजमधून आलेली झाडून सगळी पर्ल मॉड्यूल नव्या पर्लसाठी बांधलेली आणून ठेवली. माझ्या मालाबद्दल त्याला काही माहीतच नव्हतं. डीपीकेजीच्या, म्हणजे उबंटूच्या पॅकेजांच्या, वहीत त्याची नोंद नाही. शिवाय एचटीएमएल-पार्सरसारखी मॉड्यूलं सी-मध्ये लिहिलेली, ती त्या त्या पर्लसाठी कंपाइल झालेली, नुसती उचलून नव्या फोल्डरात ठेवून चालत नाहीत. माझी फाइलन्‌फाइल डिस्कवर जागच्या जागी होती, आणि तरीही स्पॅमअसॅसिन सर्व्हरवर नव्हता.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं. नंबर आता चौथा होता.

"मीच चार वर्षांपूर्वी काहीतरी करून ठेवलंय, आणि नेमकं काय केलं ते आठवत नाही."

"लिहून ठेवलं न्हाईस व्हय?"

हे कोण विचारतंय बघा. त्यांच्या चटणीचं माप आजतागायत कुठल्या कागदावर नाही. 'एवढं' असं म्हणून ओंजळ दाखवतात. मोठ्या जाऊबाईंनी एकदा ती ओंजळ मोजायला वजनकाटा आणला होता, तर तो परत पाठवला.

कट्ट्यावर बसूनच पॅकेज टाकलं. २२.०४ मध्ये ३.४.६ येतं. दोन मिनिटांचं काम. सर्व्हिस चालू केली, तरी स्पॅमडी काही उठेना. अरेच्चा. पॅकेज तर आत्ताच आलंय!

इथं माझी पंधरा मिनिटं गेली. सर्व्हिस फाइल दोन होत्या. पॅकेजनं आणलेली लिब-सिस्टमडी फोल्डरात, आणि माझी चार वर्षांपूर्वीची ईटीसी-सिस्टमडी फोल्डरात. नाव दोघींचं एकच. ईटीसीमधलीचा मान मोठा, म्हणून सर्व्हिस सुरू करणारा सिस्टमडी माझीच वाचत होता आणि यूएसआर-लोकलमधला जुना स्पॅमडीच उठवायला बघत होता.  माझी फाइल बाजूला केली, सिस्टमडीला परत वाचायला लावलं, आणि स्पॅमडी उभा राहिला.

तेवढ्यानं भागत नाही. टर्मिनलवर नुसतं स्पॅमअसॅसिन लिहिलं की कुठला चालतो? यूएसआर-लोकल-बिन हे कमांड शोधायच्या रस्त्यात आधी लागतं, त्यामुळे जुनाच. 'व्हिच' कमांडला 'ए' जोडून विचारलं की सगळे पत्ते दाखवते. दोन ओळी आल्या. नवी मॉड्यूलं आणि जुनी स्क्रिप्ट अशी खिचडी कधीतरी अंगावर येणारच, म्हणून जुनी फाइल शोधून शोधून काढायला बसले. सीपॅन हातानं टाकलेल्या प्रत्येक मॉड्यूलमागं पॅकलिस्ट नावाची लपलेली फाइल सोडतं, तिच्यात काय काय कुठं ठेवलं त्याची यादी असते. तिच्यावरून एकेक उडवलं. ती यादी नसती, म्हणजे टारबॉल (सोर्सचं गाठोडं) उघडून काहीतरी भलत्याच पद्धतीनं कॉपी केलेलं असतं, तर अंदाजपंचेच चाललं असतं.

साफसफाईत अजून एक पाप सापडलं. क्रॉनमधली माझी ओळ नियम रोज आणत होती, पण आणल्यावर स्पॅमडीला परत सुरू करायला मी सांगितलंच नव्हतं. स्पॅमडी नियम एकदाच, उठताना वाचतो. म्हणजे ताजे नियम रोज डिस्कवर येऊन पडत होते आणि हा बाबा मागच्या रीबूटचेच नियम घेऊन बसला होता. सर्व्हर सात-सात महिने बंद होत नसे, याचा मला अभिमान होता. घ्या आता. पॅकेजमधली रोजची स्क्रिप्ट हे सगळं नीट करते: वेगळ्या, कमी अधिकाराच्या यूजरनं नियम आणते, आधी ते वाचून बघते, ठीक असतील तरच स्पॅमडीला कळवते. वर सगळ्या जगानं एकाच मिनिटाला मिरर सर्व्हरवर धाड घालू नये म्हणून आधी थोडा वेळ मुद्दाम झोपते. हे मी कधी लिहिलं नसतं, कारण हे मला सुचलंच नसतं.

नियम शिळे राहिले तर काय होतं याचा धडा जुना आहे. १ जानेवारी २०१० ला जगभरची सरळ मेलं स्पॅममध्ये पडायला लागली होती. स्पॅमअसॅसिनमध्ये एक नियम होता: मेलवरची तारीख फारच पुढची असेल तर स्पॅमचे गुण वाढव. नियम लिहिणाऱ्यानं २०१० आणि पुढची सगळी वर्षं 'फारच पुढची' धरली होती. दुरुस्ती लगेच आली, पण ती नियमांच्या अपडेटमधून आली. ज्यांनी ते चालू ठेवलं नव्हतं ते बसले आजची मेलं भविष्यातली म्हणून टाकत.

आणि दुसरं उदाहरण इथलंच. मागं एका पतसंस्थेचा सर्व्हर बघायला गेले होते. तक्रार अशी की फिल्टर आहे, पण उपयोग नाही. माझ्याआधी जो पोरगा काम बघायचा त्यानं ३.३.२ हातानं टाकून ठेवलेलं, आणि तो पुण्याला निघून गेलेला. स्पॅमअसॅसिननं मार्च २०२० पासून नियमांवर जुन्या शा-वन पद्धतीची (फाइल अस्सल आहे का ते तपासायची) खूण देणं बंद केलं. नवी खूण ३.४.२ आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांनाच वाचता येते. म्हणजे तिथं नियमांचं कॅलेंडर मार्च २०२० ला थांबलेलं, आणि क्रॉन रोज पहाटे इमानदारीत जाऊन रिकाम्या हातानं परत येत होता. ते पोरगं हुशार होतं हो, काम नीट केलेलं. पण ते सगळं त्याच्या डोक्यात होतं, आणि डोकं पुण्याला गेलं. पॅकेज असतं तर निदान कुणीतरी अपग्रेड दाबलं असतं.

तरी पॅकेजवाल्यांची आरती मी ओवाळणार नाही. २२.०४ च्या पॅकेजमध्ये नियमांचं रोजचं अपडेट मुळात बंद असतं. ईटीसी-डिफॉल्टमधल्या फाइलमध्ये क्रॉनपुढचा शून्य काढून एक करावा लागतो. कितीतरी जण पॅकेज टाकतात, चालू झालं म्हणतात, आणि तो शून्य तसाच. दुसरं म्हणजे, पॅकेज टाकलं म्हणून फिल्टरला तुमचं मेल कळत नाही. बेजियन शिकवणीला, म्हणजे नमुने दाखवून फिल्टरला शिकवायला, किमान दोनशे स्पॅम आणि दोनशे चांगली मेलं दाखवावी लागतात, त्याआधी तो तोंडच उघडत नाही. आणि ती शिकवणी कुठल्या यूजरला दिली हे महत्त्वाचं. रूट म्हणून शिकवलं तर रूट शहाणा होतो. मेल तपासणारा यूजर वेगळा असेल तर तो आपला कोराच. क्लास एकाला आणि परीक्षेला दुसरा. हे मी पॅकेजवरही केलंय आणि हातानं टाकलेल्यावरही, त्यात भेदभाव नाही.

डीएनएसचंही, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचंही, तसंच. गूगलचा ८.८.८.८ लावून बसलात तर काळ्या यादीवाले (स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी ठेवणारे) धड उत्तर देत नाहीत, कारण तिथून येणारी विचारणा फुकटच्या मर्यादेपलीकडं असते. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस, म्हणजे अनबाउंड, टाका. तोही एप्टनंच, म्हणजे पॅकेजवरूनच.

शिकवणीवरून आठवलं. फिल्टर प्रत्येक मेलला स्पॅमचे गुण देतो, काकांना त्या गुणांचं गणित कळेना. 'हे पाच काय आणि दहा काय?' असं ते दर महिन्याला विचारायचे. शेवटी मी म्हटलं, काका, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांला आली की काय म्हणता? "इशारा पातळी." आणि ४३ ला? "धोका." मग तसंच. पाच गुणांवर विषयात स्पॅम असा शिक्का मारून मेल तुमच्याकडं येतं, दहाच्या वर गेलं की तुमच्यापर्यंत सोडतच नाही, बाजूला ठेवते. त्यांनी २०१९ चं पाणी बघितलंय, ५५ फुटांच्या वर गेलेलं, आणि शिरोलीला हायवे बंद पडून फाउंड्री बेटासारखी झालेली. त्यानंतर ते मला फोन करून "ताई, ह्यो मेल ४१ फुटांवर आलाय, उघडू का?" असंच विचारतात.

त्या शनिवारच्या दोनशे मेलांत एक खरोखर ५५ फुटांचं होतं. त्यांच्याच एका पुरवठादाराच्या नावानं: आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या नव्या खात्यावर करा. भाषा सरळ, बिल नंबर खरा वाटावा असा. काकांनी पैसे पाठवले नाहीत. त्यांनी पुरवठादाराला फोन लावला आणि म्हणाले, "खातं बदललं व्हय? कळवायचं न्हाई तोंडानं?" समोरच्याला काही पत्ताच नव्हता. यात माझ्या सॉफ्टवेअरचं श्रेय शून्य.

साडेअकराला सगळं जागेवर होतं. जुनी बेजियन फाइल पॅकेजच्या यूजरच्या ताब्यात दिली, मोजदाद बघितली, शिकवणी शाबूत. हेडरमध्ये गुण दिसायला लागले. तेव्हाच हात परत शिवशिवले! मराठी स्पॅम आता भरपूर येतं, 'कर्ज मंजूर झाले आहे' छापाचं, आणि २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ४.० नं इंग्रजीबाहेरच्या लिपींचं वाचन बरंच सुधारलंय. २२.०४ मध्ये मात्र ३.४.६ च राहणार. सीपॅनवरून ४.० टाकायला कितीसा वेळ लागतो? मी टर्मिनलवर अर्धी कमांड लिहिलीसुद्धा होती. मग पुसली. २४.०४ मध्ये ४.० पॅकेजातच आहे, दिवाळीच्या सुट्टीत तिकडंच जाऊ. तोपर्यंत लोकल.सीएफ या स्पॅमअसॅसिनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये अक्षरसंच सरळ करून घ्यायची एक ओळ चालू केली आणि मराठी कर्जवाल्यांसाठी चार नियम स्वतः लिहिले. ती फाइल ईटीसीमध्ये असते, अपग्रेड तिला न विचारता हात लावत नाही. स्वतःची हौस तिथं भागवते.

हातानं टाकूच नये असं माझं म्हणणं नाही. आरस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम फिल्टरवाले स्वतःच सांगतात की डिस्ट्रोमधलं (उबंटू-डेबियनमधलं) पॅकेज जुनं असतं, आमच्या रिपॉझिटरीतून घ्या. ते मी घेते, कारण तेही शेवटी पॅकेजच, एप्टला त्याची नोंद असते आणि अपग्रेडला ते पुढं सरकतं. एकटीच्या प्रयोगाच्या मशीनवर सोर्सवरून बांधा की खुशाल, शिकायला त्यासारखं काही नाही. मला जे काही पर्ल येतं ते अशाच फुटलेल्या 'मेक टेस्ट'वर (सोर्स बांधल्यावरच्या चाचणीवर) आलंय. पण दुसऱ्याच्या कारखान्यात, जिथं मी महिन्यातून एकदा जाते, तिथं नाही.

डंकावरची चटणी घेऊन घरी आलो तर कीबोर्डच्या फटींत लाल भुकटी. (हो, 'आलो'. कोल्हापूरच्या पोरी बोलताना आलो-गेलोच म्हणतात. लिहिताना एवढा वेळ आवरलं होतं.) संध्याकाळी सासूबाई बरण्या भरत होत्या, मी समोर बसून माझ्याकडच्या सगळ्या सर्व्हरांची वही केली: कुठं काय हातानं टाकलंय, कधी, कशासाठी, काढायचं कसं. पाच सर्व्हर. चार स्वच्छ निघाले. पाचवा गुजरीतल्या एका सराफाचा. तिथं 'व्हिच'नं दोन ओळी दाखवल्या. खाली फाइलची तारीख, २०२१ चा एप्रिल. म्हणजे फाउंड्रीचं काम झाल्यावर त्याच झिंगेत मी तिथंही हात मारून आले होते, आणि ते मला अजिबात आठवत नाही.

सराफांना फोन केला. "ताई, लग्नसराई हाय. जूनपर्यंत काय बी हलवू नका."

बरं म्हटलं.